धोंड्याला आलेला आरोपी

"ताई, पोलीस त्याले जेवू घालत असतीन का?"

देवराव मोरे स्टीलचा डबा हातात धरून आदिलाबाद कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होते. डब्यात अनारसे होते. शेजारी त्यांची मुलगी रेणुका, रडून डोळे सुजलेले. तिच्या नवऱ्याला, गजाननला, आदल्या दिवशी हैदराबादच्या एअरपोर्टवर पकडलं होतं. तो मस्कतहून आला होता. इमिग्रेशनच्या काउंटरवर त्याने पासपोर्ट दिला, तिथल्या साहेबाने कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि त्याला बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. तिथून तो थेट पोलिसांच्या गाडीत बसला. आता गाडी आदिलाबादच्या वाटेवर होती. दुपारी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणार होते.

"गुन्हा कसला आहे?" मी विचारलं.

रेणुकाने बापाकडे पाहिलं.

"जुनी काही केस होती का त्याच्यावर?"

"होती, पण ते मिटलं," रेणुका म्हणाली.

"मारामारीची?"

देवरावांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"फिर्यादी कोण होता? म्हणजे तक्रार कुणी दिली होती?"

देवराव समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहायला लागले. वर एखादं पाखरू असावं असं पाहत होते. शेवटी रेणुकाच हळूच म्हणाली, "बाबानंच."

पक्षकाराने काहीही सांगितलं तरी वकिलाचा चेहरा हलता कामा नये, असं माझ्या सिनियरनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्या दिवशी मला ते जमलं नाही.

मी या सीमेवरच्या, तेलुगू-मराठी जिल्ह्यातल्याच एका गावची. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. माझी शाळा चौथीपर्यंत मराठी, पुढे तेलुगू, आणि कायद्याची पुस्तकं इंग्रजी. घरात पदवी घेणारी मी पहिलीच. मला वकिली शिकवली ती नारायणराव सरांनी. त्यांची मातृभाषा तेलुगू, आणि माझ्याशी ते हैदराबादी हिंदीत बोलतात. त्यांनी मला टेबल दिलं, खुर्ची दिली आणि मराठी बोलणारे सगळे पक्षकार दिले. त्या उपकारातून हे देवराव माझ्याकडे आले होते.

आधी झालं काय होतं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची लांब रांग लागली होती. देवराव बैलगाडी घेऊन पहाटेपासून रांगेत होते. गजानन त्याच गावचा, तेव्हा लग्न न झालेला. त्याने आपला ट्रॅक्टर मधूनच पुढे घातला. देवरावांनी त्याच्या आईबापाचा उद्धार केला. गजाननने एक ठोसा मारला. देवरावांचा समोरचा दात पडला.

इथे कायदा थोडा समजून घ्यावा लागेल. तेव्हा आयपीसी चालू होती. साधी मारहाण वेगळी आणि जबर दुखापत वेगळी. हाड मोडलं किंवा दात पडला की कायदा त्याला जबर दुखापत म्हणतो. एका ठोशाने गजानन मोठ्या कलमाखाली आला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्याला ठाण्यातच जामिनावर सोडलं आणि पुढे कोर्टात चार्जशीट पाठवली.

इकडे गावात वेगळंच चाललं होतं. पंच बसले. देवरावांचा दात गजाननने स्वतः डॉक्टरकडे नेऊन बसवून द्यायचा, असं ठरलं. दात काही एका फेरीत बसत नाही. गजानन त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून दर आठवड्याला आदिलाबादला आणायचा. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दोघं बाहेर बाकावर बसायचे. जाताना चहा प्यायचे. पोरगा पाणी मागितलं की पाणी देतो, उलट बोलत नाही, गाडी सांभाळून चालवतो, हे देवरावांच्या ध्यानात आलं. दात बसला तेव्हा त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आपल्या रेणुकेसाठी हा पोरगा वाईट नाही.

लग्न झालं. नंतर गजानन शटरिंगच्या कामावर मस्कतला गेला. पासपोर्ट त्याच्याकडे भांडणाच्या आधीपासून होता. त्याला कुणी अडवलं नाही.

मग अडलं कुठे? अडलं पंचांच्या दुसऱ्या अटीत. त्यांनी दोन्ही घरांना देवळासमोर बेलभंडारा उचलायला लावला होता. यापुढे या भांडणाचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही. ना घरात, ना रानात, ना सरकारात. आमच्याकडच्या गावांत अशी शपथ अजून पाळतात. आणि या दोन घरांनी ती फारच चांगली पाळली.

कोर्टाचं समन्स घेऊन कॉन्स्टेबल गजाननच्या घरी गेला, तर त्याची आई म्हणाली, "इथं तसं काई झालंच नाई बापू." देवरावांना साक्षीचं समन्स आलं, तर ते म्हणाले, "माझं कोनाशीच भांडन नाई." दोघांनीही कॉन्स्टेबलला चहा पाजून परत पाठवलं. आरोपी तारखेला येत नाही म्हणून कोर्टाने अजामीनपात्र वॉरंट काढलं. आरोपी परदेशात आहे असं कळलं तेव्हा पोलिसांनी लुकआउट सर्क्युलर काढायला लावलं. लुकआउट सर्क्युलर म्हणजे देशातल्या सगळ्या विमानतळांच्या कॉम्प्युटरला दिलेली सूचना: या नावाचा माणूस आला किंवा जायला निघाला तर थांबवा आणि आम्हाला कळवा.

गावाच्या लेखी केस मिटली होती. कॉम्प्युटरला भंडाऱ्याचं काही माहीत नव्हतं.

आणि गजाननला त्या कॉम्प्युटरसमोर आणून कुणी उभं केलं? खुद्द फिर्यादीने. त्या वर्षी अधिक महिना होता. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, कपडे करायचे. देवराव दर दोन दिवसांनी मस्कतला व्हिडिओ कॉल लावायचे. "जवाईबुवा, रजा काढा. लोकं इचारतेत, तुमच्या जवायाचा धोंडा झाला का म्हनून." कंपनी रजा देत नव्हती. देवरावांनी पिच्छा सोडला नाही.

"म्याच आनलं त्याले," देवराव व्हरांड्यात म्हणाले. "नसता आला तर सुखी होता तिकडं."

दुपारी पोलिसांची गाडी आली. गजानन उतरला तेव्हा त्याच्या बॅगेला विमान कंपनीची चिठ्ठी अजून लोंबत होती. देवराव पुढे झाले. जावयाच्या पायाला हात लावायला वाकले, कारण सासऱ्याने जावयाच्या पाया पडायचं हीच आमच्याकडची रीत. दोन कॉन्स्टेबलांच्या मध्ये उभा असलेला गजानन शरमेने मागे सरकला. "मामा, इथं नको ना!" मग देवरावांनी डबा उघडला. जावयाच्या आधी दोन्ही कॉन्स्टेबलांना अनारसे द्यावे लागले. तेलुगू कॉन्स्टेबलने दोन खाल्ले आणि मला विचारलं, "मॅडम, फिर्यादी एवढा चांगला असतो का कधी?"

त्या दिवशी मी वॉरंट रद्द करायचा अर्ज दिला. गुन्हा जामीनपात्र होता. मॅजिस्ट्रेट मॅडमनी जामीन दिला, पण पासपोर्ट कोर्टात जमा करून घेतला. त्यांचंही चूक नव्हतं. जो माणूस समन्स चुकवून मस्कतला गेला, त्याच्या खिशात पासपोर्ट कोण ठेवील?

गजानन सुटला, पण अडकलाच. त्याची रजा थोडीच होती. रजा संपल्यावर कामावर हजर झाला नाही तर कंपनी व्हिसा रद्द करणार होती. पुन्हा नवा व्हिसा, नवा एजंट, नवी रांग. त्यातून नव्या व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागतो, या माणसावर काही गुन्हा नाही म्हणून. तो कुठून आणायचा? गजाननच्या पगारावर दोन घरं उभी होती. त्याचा धाकटा भाऊ निर्मल शहरात शिकत होता.

संध्याकाळी आम्ही नारायणराव सरांच्या ऑफिसात बसलो. गजानन म्हणाला, "मॅडम, मी गुन्हा कबूल करतो. काय दंड आहे तो भरतो. एका दिवसात मोकळा करा."

सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "सुजाता, क्या बोलतीं आप? करा दें?"

परीक्षा घेण्याची ही त्यांची पद्धत आहे. मी म्हणाले, "नको सर. कबूल केलं तर दंड होईल, आणि दंड म्हणजे शिक्षाच. कोर्ट त्याला दोषी ठरवणार. मग पोलिसांच्या दाखल्यावर ते कायमचं लिहून येणार. कंपनी असा माणूस ठेवणार नाही."

"तो फिर?"

"तडजोड. आपल्याकडच्या कोर्टात तिला राजी म्हणतात. दात पाडण्याचं हे कलम कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. ज्याला मार बसला त्याने मॅजिस्ट्रेटसमोर माफ केलं आणि मॅडमनी परवानगी दिली, की त्याचा परिणाम निर्दोष सुटकेचाच. त्याच दिवशी."

"शाबास. जल्दी का काम नक्को करो," सर गजाननला म्हणाले. मग देवरावांकडे वळले; शेतकऱ्याला ते मानाने पटेल म्हणतात. "पटेल, आपको बस इतना बोलना है, इसने मारा था, मैं माफ करा. हो गया."

देवराव उठून उभे राहिले. "नाई बोलनार."

"माफ नक्को करते?"

"माफ तं कवाच केलं. पन त्यानं मारलं हे मी बोलनार नाई. भंडारा उचलला आहे मी."

मी समजावलं. रेणुकाने समजावलं. देवराव आपल्या जागी. उलट त्यांनी आम्हालाच तोडगा सांगितला. "ताई, मी असं सांगतो ना, का मी गाडीवरून पडलो अन् दात पडला. हे बरं. त्यात भांडनाचं नावच नाई."

"मामा, मग तुम्ही पोलिसांना खोटी फिर्याद दिली असं होईल. तुमच्यावरच केस होईल," मी म्हणाले.

"होऊ द्या. मी कुठं मस्कतले चाललो?"

यावर सर हसले. मी हसू शकले नाही. त्यातली अडचण मला दिसत होती. देवराव उलटले तर तडजोड होणार नाही. मग खटला पूर्ण चालणार. डॉक्टर येणार, मार्केट यार्डातले हमाल येणार, पोलीस येणार, तारखा पडत राहणार. गजानन शेवटी सुटला असता, पण तोवर मस्कत संपलं असतं.

मग मी त्यांच्या गावी गेले. पंचांपैकी एक म्हातारे पाटील होते. त्यांनीच भंडारा उचलायला लावला होता. माझे वडील एके काळी त्यांच्या शेतात राबलेले. त्या घराच्या ओट्याखाली उभं राहून वडिलांनी मजुरी घेतलेली मला आठवते. पाटलांनी मला ओट्यावर खाटेवर बसवलं, सुनेला हाक मारून चहा मागवला आणि स्वतः खाली पायरीवर टेकले. "बापूची पोरगी वकील झाली," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मी कामाचं बोलले.

"काका, तुम्हीच शपथ घातली. तुम्हीच सोडवा. कोर्टापुरती."

त्यांनी मान हलवली. "पोरी, शपथ आमी घातली, पन उचलली त्यायनं. ते देवाशी बोलले. मी मधात कोन? मी कसा सोडवू?"

"मग जावयाची नोकरी जाऊ द्यायची?"

"मी तसं कुठं म्हनलो? तू शिकलेली हाय. तूच काढ काहीतरी."

असं म्हणून त्यांनी मला शेंगा दिल्या. कायद्याच्या पुस्तकात बेलभंडाऱ्याचं कलम नाही. मी शेंगा घेऊन परत आले.

अधिक महिना संपत आला होता. देवरावांनी धोंड्याचं जेवण केलंच. आरोपी जामिनावर असताना त्याच्या वकिलाने फिर्यादीच्या घरी जेवायला जावं की नाही, हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "पूरण है तो जाओ." मी गेले. देवरावांनी जावयाला पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी काढली, धोंड्यांवर तुपाची धार धरली. गजाननला घास गिळत नव्हता. "खा ना जवाईबुवा, पुढच्या धोंड्याले तुमी कुठं असान, मी कुठं असन," असं म्हणत देवराव वाढत राहिले. त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की परवा तारीख आहे. कुणीही तो शब्द काढला नाही. मी इतकी शिस्तीची शांतता हैदराबादच्या लायब्ररीतही पाहिली नाही.

निघताना मी गजाननला बाजूला घेतलं. "कोर्टात तू एक शब्द बोलायचा नाहीस. विचारलं तरी माझ्याकडे बघायचं. तू जे बोलशील ते तुझ्याविरुद्ध जाऊ शकतं. समजलं?"

"समजलं मॅडम."

तारखेच्या दिवशी मी तडजोडीचा अर्ज दिला. त्यावर देवरावांनी सही केली होती. अर्जात मी फक्त 'घटनेबाबत दोन्ही पक्षांत समेट झाला आहे' एवढंच लिहिलं होतं. माझी आशा अशी की मॅडम अर्ज वाचतील, सही विचारतील आणि परवानगी देतील. बरेच मॅजिस्ट्रेट तसं करतात. या मॅडम मात्र काटेकोर. धाकदपटशाने तडजोड करवून घेतात असं त्यांनी पाहिलं होतं, म्हणून फिर्यादीला त्या स्वतः विचारायच्या.

देवराव पुढे आले. मॅडम तेलुगूत विचारणार आणि बेंच क्लार्क मराठीत सांगणार, असं ठरलं. क्लार्क इथलाच होता.

"कोट्टाडा?" मॅडमनी गजाननकडे बोट दाखवून विचारलं. मारलं का याने?

क्लार्कने भाषांतर करायच्या आधीच देवरावांना कळलं होतं. इतकी तेलुगू इथे सगळ्यांनाच येते.

"तो माझा जवाई आहे साहेब."

"ते मी विचारलं नाही. त्याने मारलं का?"

"लय चांगला पोरगा आहे साहेब. माझी पोरगी सुखात आहे."

कोर्टात खसखस पिकली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ज्याला मार बसला तोच माफ करू शकतो. मार बसलाच नाही तर हे माफ कशाला करत आहेत? यांच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"दबाव नाही मॅडम," मी म्हणाले.

"तुम्ही नाही, त्यांना बोलू द्या. अवुना, कादा?" होय की नाही?

देवराव मान खाली घालून उभे राहिले. त्यांना बोलायचं होतं, हे मला कळत होतं. त्यांनी आयुष्यात देवाला दिलेला शब्द मोडला नव्हता, आणि आता मोडला नाही तर मुलीच्या नवऱ्याची नोकरी जाणार होती. सरकारी वकील पुढची तारीख घ्या म्हणून सुचवायला उठले. पुढची तारीख म्हणजे गजाननची रजा संपल्यानंतरची.

तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला.

"मी मारलं साहेब."

मी वळून गजाननकडे हात केला, गप्प राहा म्हणून. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो देवरावांकडे पाहत होता.

"मार्केट यार्डात मारलं. लाईन तोडून माझा ट्रॅक्टर म्याच पुढं घातलता. मामा रांगेत होते. गलती माझी होती. दात माझ्याच हातानं पडला. मामा, तुमी नाई बोलले. मी बोललो. भंडारा म्या मोडला, तुमी नाई."

वकिलाच्या आयुष्यात याहून वाईट क्षण फार नसतात. माझ्या पक्षकाराने भर कोर्टात, कुणी न विचारता, गुन्हा कबूल केला होता. देवराव आता मागे हटले असते तर मॅडमना हे कबुलीजबाब म्हणून लिहून घेता आलं असतं. मग दंड, आणि तोच पोलिसांचा दाखला, ज्याच्यासाठी आम्ही एवढं सगळं टाळत आलो होतो. नारायणराव सर मागच्या बाकावर होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

देवराव हळूहळू गजाननकडे वळले.

"काऊन बोलला रे तू?" एवढंच म्हणाले. जावई झाल्यापासून त्याला त्यांनी पहिल्यांदाच अरेतुरे केलं असेल.

मग मॅडमकडे वळले. आवाज एकदम मोकळा झाला होता. "हो साहेब. मारलं यानं. मीबी लय शिव्या देल्त्या, त्याच्या मायले, बापाले. ते कोनी लिवलं नाई. दात यानंच बसवून देल्ला. कवाच मिटलं साहेब. मी माफ केलं. आता याले जाऊ द्या."

क्लार्क भाषांतर करत राहिला. शिव्यांपाशी जरा अडखळला आणि गाळून पुढे गेला. मॅडमनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नो ऑब्जेक्शन." मॅडमनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी देवरावांना तेलुगूत विचारलं, "आणि मुलगी दिलीत याला?"

"दात बसवाले नेत होता ना साहेब. तवाच पायलं मी."

या वेळी मॅडमही हसल्या. परवानगी मिळाली. आरोपी निर्दोष.

बाहेर आल्यावर मी गजाननला खूप रागावले. तुला काही कळतं का, तुझं आयुष्य बरबाद झालं असतं, वगैरे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मामा मराले टेकले होते तिथं. मले पाहवलं नाई." माझा राग तिथेच संपला. सर जवळ आले आणि मला म्हणाले, "क्लायंट को कंट्रोल करना सीखो." मग जरा पुढे जाऊन, पाठमोरे राहून म्हणाले, "मगर ये वाला अच्छा बोला."

वाचकांना वाटेल, संपलं. आम्हालाही तसंच वाटलं असतं, पण इमिग्रेशनच्या कामात कोर्टाचा निकाल हा अर्धाच रस्ता असतो. कोर्टाने सोडलं तरी विमानतळाच्या कॉम्प्युटरला ते आपोआप कळत नाही. लुकआउट सर्क्युलर ज्यांनी मागितलं, त्यांनीच काढून घ्यायला सांगावं लागतं. म्हणजे निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची, ठाण्यात द्यायची, ठाण्याने एसपी ऑफिसला कळवायचं, एसपी ऑफिसने दिल्लीला. मधला एक कागद जरी टेबलावर राहिला तरी माणूस निर्दोष असून पुन्हा त्याच खुर्चीवर बसतो. असे निर्दोष लोक मी नंतर पाहिले आहेत.

मी रोज एसपी ऑफिसला जायला लागले. तिथला सेक्शनचा हवालदार मला पाहिल्यावर हात जोडायचा. "मॅडम, भेजा, भेजा." मी जावक नंबर मागायची, "भेजा तो नंबर दो." देवराव माझ्याबरोबर यायचे. त्यांना तिथे काही काम नव्हतं. बाकावर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक पोलिसाला विचारायचे, "आमच्या जवायाचं झालं का?" चौथ्या-पाचव्या फेरीनंतर सगळं ऑफिस विचारायला लागलं, जवायाचं झालं का. मला वाटतं, माझ्या अर्जांपेक्षा त्याचाच जास्त उपयोग झाला. रजा संपायला थोडे दिवस उरले असताना सर्क्युलर मागे घेतल्याचं पत्र आलं. कोर्टातून पासपोर्टही सुटला.

गजानन निघाला त्या दिवशी मी त्याच्याजवळ निकालाची नक्कल आणि ते पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिलं. विचारलं तर दाखव, नाही विचारलं तर दाखवू नको. तो हैदराबादला काउंटरवर उभा होता तेव्हा इकडे रेणुका आणि देवराव माझ्या ऑफिसात बसून होते. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता. सरही काही न काही निमित्त काढून आत-बाहेर करत होते. फोन वाजला.

"शिक्का मारला मॅडम. काई विचारलं नाई."

रेणुका रडायला लागली. देवरावांनी फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवले का जवाईबुवा?"

आता कायद्याच्या माहितीचं शिबिर असलं की मी सीमेवरच्या गावांत जाते. तिथे हे एक हमखास सांगते. गावात मिटवा, चांगलंच आहे, पण मिटल्यावर एकदा कोर्टात येऊन तेवढं सांगून जा. राजी लिहून घ्या. नाहीतर कोर्टाच्या दृष्टीने भांडण चालूच राहतं. मागे एका शिबिरात एक म्हातारबाबा उठून म्हणाले, "पन बाई, कोर्टात सांगतलं तर त्या भांडनाचं नाव पुन्हा निंगते ना?"

मी म्हणाले, "निघतं बाबा. कोर्टात एकदाच निघतं. नाहीतर प्रत्येक विमानतळावर निघतं."